हॅनाबाईची वही

लेस्टर,
रविवार, ३ सप्टेंबर २००६

ती. आशाताई,

हे पत्र तू उघडशील याची खात्री नाही, म्हणून नमस्कार पाकिटावरच, माझ्या नावाखाली लिहून टाकला आहे. न वाचता फेकलंस तरी तेवढा पोचला असं मी धरून चालतो.

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू रिसीव्हर ठेवतेस. दाजी गेले, तू इथलं घर विकून लीड्सच्या हॉस्पिटलात नर्सच्या नोकरीला गेलीस, त्याला आता अडीच वर्षं होतील. मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा "हॅलो" म्हणालीस आणि ठेवायला जरा वेळ लावलास. अरुणा म्हणाली, "अहो, त्यांचा हात ओला असेल." माझ्या बायकोला कुणाला धीर द्यायचा म्हणजे संकट वाटतं.

पत्राला निमित्त झालं आहे. दुकानाच्या तळघरात ओल आली होती. सुताराने जुनी फळी उचकटली तर मागच्या कोनाड्यात मेणकापडात गुंडाळलेली एक वही निघाली. गावाकडच्या तलाठ्याच्या खातेवहीएवढी मोठी, कातडी पुठ्ठा, हाताने लिहिलेली. १८९१ पासूनची. आपलं दुकान तेव्हाही दारूचंच होतं म्हणे. हॅना टेबट नावाची विधवा बाई मागच्या अंगणात बिअर बनवायची आणि पुढच्या खिडकीतून विकायची. किती बनवली, किती विकली, सरकारला कर किती भरला, सगळं त्यात आहे. महिन्यातून दोनदा एक्साइजचा माणूस येऊन सही करून जायचा.

मला अण्णा आठवले. साताऱ्याला दारूबंदी खात्यात अख्खी नोकरी केली त्यांनी, आणि त्यांचा मुलगा इंग्लंडात ऑफ-लायसन्स चालवतो. त्यांचं ते वाक्य तुला आठवतं ना? कुणी साक्ष द्यायला आलं की म्हणायचे, "वहीत नाही ना? मग घडलंच नाही." आपण दोघं दूध सांडलं की हेच म्हणायचो आणि आईचा मार खायचो.

आणखी एक. तुझ्या समरला मुलगी झाली, जुलैत. नाव दिया. तुला कुणी कळवलं असेल तर ठीक, नसेल तर मी कळवतो आहे. तो, पूर्वी आणि बाळ हाउन्सलोला असतात, तो अजून एअरपोर्टवरच आहे. तू त्याचं तोंड बघणार नाही म्हणालीस, पण हिचं तोंड अजून कुणी खराब केलेलं नाही.

हे वाचून तू पुन्हा म्हणशील, विन्याने भाच्याची बाजू घेतली. तेराव्याच्या दिवशी मी एवढंच म्हणालो होतो, "ताई, जाऊ दे, पोर आहे." त्यावरून तू मलाही तोडलंस. असो. आज दुकानात कुणी नाही, म्हणून एवढं लिहिलं.

तुझा
विनय

&nbsp;

लेस्टर,
१७ सप्टेंबर २००६

ती. ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे निदान घरात तरी घेतलंस.

मी आणि अरुणा भिंग घेऊन वही वाचतो आहोत. हॅनाबाईचं अक्षर ठसठशीत आहे, फक्त शाई तपकिरी झाली आहे. लोक घरून पाण्याचा असतो तसला जग घेऊन यायचे आणि भरून न्यायचे. प्रत्येकाचं नाव, किती नेली, पैसे मिळाले की राहिले. एका गाळपाला बिअर आंबली तर तेही लिहिलं आहे: "नासली. चूक माझी." स्वतःच्या धंद्याच्या वहीत असं कोण लिहितं? मी तरी नाही.

परवा वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली तर तिथे वेगळीच यादी निघाली. वर लिहिलं आहे, "यांना देऊ नये." खाली नावं, आणि पुढे कुणी येऊन सांगितलं ते. एकाच्या आईने, एकाच्या मालकाने, बाकी सगळ्या बायकांनी. त्यात एक विल्यम ऑर्टन आहे. "बायको सांगून गेली. २ नोव्हेंबर १८९६."

मग मी पुढची पानं चाळली. आठवड्यानेच, ९ नोव्हेंबरला: "ऑर्टन, एक जग. पैसे मिळाले." १६ ला पुन्हा. मग दर आठवड्याला, सव्वा वर्ष. वहीच्या एका टोकाला "देऊ नये" आणि दुसऱ्या टोकाला "दिली", दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं. १८९८ च्या मार्चमध्ये ऑर्टन थांबतो. पुढच्याच पानावर आहे: "ऑर्टनच्या घरी अर्धं पिंप, मयताला येणाऱ्यांसाठी. पैसे नाहीत. कर मी भरला."

अरुणा म्हणाली, "बाई निर्लज्ज होती." मला ती निर्लज्ज वाटत नाही.

मला तुझी ती भाऊबीज आठवली, २००१ ची. दाजी वर झोपले होते आणि खाली तू पाट मांडला होतास. मी ताटात पाकीट ठेवायला गेलो तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, "यंदा मला पाकीट नको. तुझ्या दुकानातली एक बाटली ह्यांच्या हातात पडता कामा नये. तेवढं ताटात घाल." मी रिकामी मूठ ताटावर उघडली आणि म्हणालो, "घातलं." तू माझ्या डोक्यावर अक्षता जरा जास्तच टाकल्यास. घरी जाईपर्यंत कॉलरमधून तांदूळ निघत होते.

गिऱ्हाईक आलं आहे. थांबतो.

विनय

&nbsp;

लेस्टर,
१ ऑक्टोबर २००६

ती. ताई,

काल समर येऊन गेला, बाळाला घेऊन. पूर्वीला सर्दी होती म्हणून ती आली नाही. एकट्याने मोटरवेवरून दोन महिन्यांचं लेकरू आणलं, बाटल्या, लंगोट सगळं पिशवीत नीट लावून. तुझ्यासारखाच आहे, वॉर्डात ट्रॉली लावतात तशी पिशवी लावतो.

दियाचं कपाळ दाजींचं आहे. मी तिला मांडीवर घेतलं तर तिने माझं बोट धरलं, आणि मला ते सोडवून घ्यावंसं वाटलं. असं वाटायला नको होतं.

गंमत म्हणून मी समरला हॅनाबाईची वही दाखवली. त्याने ऑर्टनची पानं वाचली. इंग्रजी त्याचीच भाषा, भिंगसुद्धा लागलं नाही. वाचून झाल्यावर वही मिटली आणि एक गोष्ट बोलला. ती काय, हे लिहायला घेतलं होतं. दोन पानं लिहिली आणि फाडली. हे तिसरं पान आहे.

जाताना विचारत होता, "मामा, आईचा तब्येत कसा आहे? नाइट्स अजून करते?" मी म्हटलं, मला कुठे माहीत. तो म्हणाला, "मग आपण दोघे सेम बोटीत." आणि हसला. हसला तेव्हा मला फार वाईट वाटलं, ताई.

वहीबद्दल इथल्या लिलाववाल्याने विचारणा केली आहे, आणि रेकॉर्ड ऑफिसातली बाईही म्हणाली की अशा वह्या फार राहिलेल्या नाहीत, पेन्सिलसुद्धा लावू नका. मी दोघांना थांबायला सांगितलं आहे.

विनय

&nbsp;

लेस्टर,
१५ ऑक्टोबर २००६

ती. ताई,

हे पत्र मात्र बसून वाच. सोबत वही पाठवतो आहे, स्पेशल डिलिव्हरीने, म्हणजे तुला सही करावीच लागेल. तुझी सही मिळवायची आता हीच एक युक्ती उरली आहे.

तेराव्याच्या दिवशी समरच्या गाडीच्या मागच्या बाजूला पोतंभर रिकाम्या बाटल्या निघाल्या. तू सगळ्यांसमोर आधी मला विचारलंस, "विनय, तू कधी ह्यांना विकलीस का?" मी म्हणालो, "अण्णांची शपथ, एकसुद्धा नाही." मग तू समरकडे वळलीस. "तू बापाला आणून देत होतास, तू त्याला मारलंस," असं म्हणालीस. तो काहीच बोलला नाही, म्हणून तू ते खरं धरलंस. मी शेजारी उभा होतो. हातात पिठल्याचं पातेलं होतं, तेही मला अजून आठवतं.

शपथ खोटी नव्हती. मी एकही बाटली विकली नाही. मी दिल्या.

बहिणीच्या नवऱ्याकडून पैसे कसे घेणार? तो जावई माणूस. दाजी काउंटरसमोर गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहायचे, मुठीत नाणी घेऊन, आणि माझ्याकडे न बघता हाफ बॉटल मागायचे. ज्या माणसाने मला या देशात आणलं, दुकानाच्या डिपॉझिटला जामीन राहिला, तो माझ्या दुकानात रांगेत. पहिल्या वेळी मी "नाही" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन पावसात उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं, बाटली कागदात गुंडाळली आणि म्हणालो, "दाजी, पैसे ठेवा. लाज आणता काय?"

पुढे पुढे मी किमतीचं लेबल नखाने खरवडून काढायचो, तुला घरात सापडली तरी कुठली ते कळू नये म्हणून. मालाच्या वहीत ती बाटली "फुटली" म्हणून लिहायचो. अकाउंटंटसुद्धा एकदा म्हणाला की तुमच्या दुकानात हाफ बॉटलीच फार फुटतात. अरुणाने तेव्हा माझ्याकडे बघितलं होतं. तिला ठाऊक होतं असं मला वाटतं, पण ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

मी स्वतःची समजूत अशी घालायचो की माझ्याकडून नाही मिळाली तर ते दुसरीकडे जातील, तिथे पडतील, लोक बघतील. हे खरं आहे, पण पुरं खरं नाही. पंचवीस वर्षं मी दाजींपुढे हात पसरला. तिकीट, व्हिसा, डिपॉझिट, अरुणाच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांची गाडी. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. आणि आता ते माझ्याकडे मागत होते आणि मी देत होतो. मला ते आवडायचं, ताई.

समर काय बोलला ते आता सांगतो. तुझ्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे दाजी रिकाम्या बाटल्या लपवायचे. त्यांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी समरने त्या गोळा केल्या, तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. बॉटल बँकेत टाकणार होता. पण पाहुण्यांना आणण्या-सोडण्यात गाडी अडकली आणि पोतं तसंच राहिलं. त्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणाला, "मामा, एका बाटलीवर तुमचा लेबल होता. अर्धा. तुमचा तो लेबल मारायचा पिवळा गन फक्त तुमच्याकडे आहे."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "बाबा गेला. आईला तुम्ही एकच भाऊ. I thought, let her keep you. मी तरुण आहे, मला काय. She'd get over me." मग म्हणाला, "पण तिने तुम्हाला पण नाही ठेवला."

ताई, तुझा मुलगा माझं पाप डोक्यावर घेऊन अडीच वर्षं गप्प बसला, आणि मी त्याला "जाऊ दे, पोर आहे" म्हणून उदार झालो होतो. मला स्वतःची किळस येते.

दुकानाच्या मालाच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. दाजींच्या त्या दोन वर्षांतल्या "फुटली" या नोंदी मी काढल्या. खऱ्या फुटलेल्या तीन होत्या, त्या मला आठवतात, त्या सोडल्या. उरल्या एक्केचाळीस. हॅनाबाईच्या वहीत दोन्ही बाजूंच्या नोंदींच्या मधली आठ पानं कोरी होती. त्यांवर मी त्या तारखेवार लिहिल्या आहेत, "फुटली" नाही, "दिली" असं. तिने विकली आणि लिहून ठेवली. मी फुकट दिली आणि खोटं लिहिलं. लिलाववाल्याला आता ही वही नको आहे, आणि रेकॉर्ड ऑफिसातली बाई मला तुरुंगात टाकेल. चालेल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ताटात जे घातलं ते मी पाळलं नाही. समरचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. भाऊबीज पुढच्या मंगळवारी, चोवीस तारखेला आहे. त्या आधी त्याला फोन कर. माझ्याकडे येऊ नकोस, त्याच्याकडे जा.

शेवटची नोंद इथेही लिहितो, म्हणजे वही उघडली नाहीस तरी वाचशील. "१४ फेब्रुवारी २००४, शनिवार, सकाळी अकरा. हाफ बॉटल. दिली. त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले होते. मी परत त्यांच्या खिशात घातले." त्या दुपारी ते जिन्यावरून पडले. हॉस्पिटलातून त्यांचा कोट तुझ्या हातात दिला तेव्हा खिशात नाणी वाजली होती आणि तू म्हणाली होतीस, "बघ, पैसे होते. म्हणजे कुणीतरी आणून दिली." तुझा हिशोब बरोबर होता, ताई. माणूस चुकला.

विनय

&nbsp;

लेस्टर,
१२ नोव्हेंबर २००६

ती. ताई,

वही परत मिळाली. पोस्टमनने सही मागितली तेव्हा अरुणा म्हणाली, "तुम्ही बसा, मी करते."

पार्सलमध्ये पत्र नव्हतं. मी पुठ्ठ्याच्या आतसुद्धा बघितलं.

मग ती आठ पानं उघडली. माझ्या एक्केचाळीस नोंदींपुढे प्रत्येकी तुझी आद्याक्षरं आहेत, वॉर्डात औषधाच्या तक्त्यावर तू करतेस तशी, छोटी, नेटकी. एकही सोडलेली नाही. म्हणजे तू एकेक करून सगळ्या वाचल्यास. किती वेळ लागला असेल तुला, कुठे बसून केलंस, मला माहीत नाही.

समरचा फोन आला होता. चोवीस तारखेला सकाळी तू त्याच्या दारात उभी होतीस, म्हणाला, बॅगसुद्धा न घेता. त्याने काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस. तू दियाला अंघोळ घातलीस, तिला रडू दिलं नाहीस, आणि मग स्वतः बाथरूममध्ये बराच वेळ होतीस. माझं नाव निघालं का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "No, मामा." पोरगं खोटं बोलत नाही.

त्या दिवशी इथे पाट मांडला नाही. अरुणाने शिरा केला होता, दोघांनी खाल्ला.

माझ्या शेवटच्या नोंदीखाली तुझ्या अक्षरात आणखी एक आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, माझ्याविरुद्ध असेल, आणि मी तयार होतो. ती अशी आहे:

"१४ फेब्रुवारी २००४. दुपारी एक. लेट शिफ्टला निघताना ह्यांच्या तोंडाला वास आला. जिन्यात बसले होते. मी दार ओढून घेतलं आणि कामावर गेले. आशा."

पुढे काही नाही. पान अर्ध्यावर कोरं आहे.

मी वही मेणकापडात गुंडाळून त्याच कोनाड्यात ठेवली आहे आणि सुताराला फळी परत ठोकायला सांगितलं आहे. तुझी नोंद मी अरुणाला दाखवलेली नाही, समरलाही सांगितलेली नाही. सांगायची की नाही ते तुझं तू ठरव. दर रविवारी बाराला मी फोन करीन. तू उचलून ठेवून दिलास तरी चालेल.

तुझा
विनय